पेटीतली पिशवी

तेरावं उरकतं. मंडपवाला बांबू सोडून नेतो, लेकी सासरच्या गाडीला लागतात, आणि चौदाव्या दिवशी सकाळी घरात उरलेल्या बाईपुढं कुणीतरी पत्र्याची पेटी उघडतं. पेटीत एक पिशवी असते, कापड दुकानातून कधीतरी आलेली. तिच्यात शेतसाऱ्याच्या पावत्या असतात, सोसायटीचं जुनं पासबुक असतं, खरेदीखताची घडी ओल लागून चिकटलेली असते, पतसंस्थेची एखादी ठेवपावती असते, मोटारीच्या वीजबिलांचा गठ्ठा असतो. मालक होते तोवर ही पिशवी मालकांची होती. कोणता कागद कशाचा, कुणाचं देणं, कुणाकडून येणं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. ते डोकं आता नाही, आणि बँकेतला माणूस तिला विचारतो, "नॉमिनी कोण आहे, मावशी?"

मरणाची तयारी कशी करावी, हा प्रश्न मला नेहमी या बाईच्या जागेवर बसून बघावासा वाटतो. मालमत्ता मोठी की लहान, याला तिथं फारसं महत्त्व नसतं. चार एकर कोरडवाहू असणाऱ्याच्या घरातही तितकाच गुंता होतो, आणि सोडवायला हाताशी पैसा नसल्यानं तो जास्त जाचतो. घराला तोंडी माहीत असलेलं आणि कागदावर लिहिलेलं यांच्यात जे अंतर असतं, त्यातच पुढची सगळी भांडणं, हेलपाटे आणि अपमान साठलेले असतात. ते अंतर माणूस जिवंत आणि शुद्धीत असतानाच कमी करता येतं.

पण बोलायचं कसं? नाथषष्ठीला पैठणला लाखो माणसं चालत जातात. तो दिवस एकनाथांनी देह ठेवल्याचा. ज्या घरातून दिंडी निघते त्याच घरात "आबा, जमिनीचं काय ते लिहून ठेवा" म्हटलं की पोरगं आबाच्या मरणावर टपलंय असं होतं. म्हणून हा विषय जमिनीपासून सुरू करू नये. नावापासून करावा. "तुमचं नाव आधारवर वेगळं अन् सातबाऱ्यावर वेगळं दिसतंय, दुरुस्त करून घेऊ" यात अशुभ काही नाही, आणि खरं काम तिथूनच सुरू होतं.

आपल्याकडं नावांचा घोळ फार. सातबाऱ्यावर नुसतं 'गंगाबाई', आधारवर 'गंगूबाई', बँकेत माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर नवऱ्याच्या नावामागं 'राव' आहे आणि मतदार यादीत नाही. माणूस जिवंत असताना आधारचं नाव दुरुस्त करायला त्याचं बोट किंवा डोळा पुरतो. गेल्यानंतर ते आधार कुणालाच दुरुस्त करता येत नाही. मग 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' अशी शपथपत्रं प्रत्येक टेबलावर वेगळी द्यावी लागतात, आणि एखादा साहेब ती मानतो, एखादा मानत नाही. म्हणून एक नाव पक्कं ठरवावं. शक्यतो सातबाऱ्यावरचं, कारण ते बदलणं सर्वांत अवघड असतं. बाकी सगळे कागद त्याला जुळवून घ्यावेत. सातबाऱ्यावरच लिहिण्यातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडं दुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्यालाही जुना फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, किंवा खरेदीखत जोडावं लागतं, म्हणजे पुन्हा तीच पिशवी.

मग सातबारा नीट वाचायचा. नुसतं क्षेत्र आणि पीक बघून घडी घालायची नाही. खातेदाराच्या नावाशेजारी 'ए.कु.मॅ.' असं लिहिलेलं असेल तर थांबावं. एकत्र कुटुंब मॅनेजर, असा त्याचा अर्थ. बाप गेल्यावर चार भावांपैकी थोरल्याचं एकट्याचं नाव लागलं, जमीन मात्र चौघांची, असं. थोरला असेपर्यंत काही बिघडत नाही. तो गेला की त्याची बायको-पोरं वारस म्हणून लागतात, आणि तीन धाकट्यांचा हिस्सा कागदावरून गळून पडतो. कुणी कपट केलेलं असेलच असं नाही. कागदावर दिसलं तेवढंच खाली उतरलं, एवढंच. थोरले भाऊ हयात असताना त्यांनी तहसीलदारापुढं जबाब दिला तर ही गोष्ट सरळ मिटते. त्यांच्यामागं तीच दिवाणी न्यायालयात जाते आणि वर्षं खाते. तसंच 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. लहानपणी बाप गेला तेव्हा चुलत्याचं नाव पालक म्हणून लागलं होतं, आज ते पोरगं पन्नाशीचं झालं तरी शेरा तसाच. तोही काढून घ्यायचा.

कित्येक सातबाऱ्यांवर आजोबा अजून खातेदार आहेत. २०२५ साली महसूल खात्यानं जिवंत सातबारा मोहीम काढली ती याचसाठी, मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. मोहीम असो नसो, नियम जुनाच आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसांनी कळवायचं. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं शपथपत्र, रेशनकार्ड, आठ-अचा खातेउतारा, सातबारा घेऊन तलाठ्याकडं जायचं. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही अर्ज होतो. आधी गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची चौकशी, मग फेरफार, मग हितसंबंधितांना नोटीस. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेर मंजूर करतो. सगळं सुरळीत असेल तर महिना-दीड महिन्याचं काम.

अडतं ते वारसांच्या यादीवर. लग्न झालेल्या बहिणींची नावं गाळून फेर घेतला जातो. हे चुकीचं आहे, आणि टिकतही नाही. हिंदू वारसा कायद्यानं मयताची आई, बायको, मुलगे आणि मुली या सगळ्यांचा वाटा सारखा असतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानं हिस्सेदार, हे २००५ च्या दुरुस्तीनं आलं. बाप त्या तारखेला जिवंत होता की नव्हता यानं फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी आपल्याकडं अजून असं चालतं की दहाव्याच्या गर्दीत, डोळ्यांतलं पाणी खळलेलं नसताना, बहिणीपुढं हक्कसोडपत्राचा कागद सरकतो. साडी-चोळी होते, सही होते. बहिणीनं मनापासून हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा आहे. पण सुतकात, घाईत, न वाचता घेतलेली सही मोठेपणातली नसते. असा कागद दुय्यम निबंधकाकडं नोंदलेला नसेल तर जमिनीच्या बाबतीत त्याला किंमतही नाही. बापानं ही वेळच येऊ देऊ नये. मुलीला काय द्यायचं ते त्यानं स्वतः, हयातीत, सगळ्यांसमोर सांगावं आणि लिहावं. न द्यायचं असेल तर तेही त्यानंच लिहावं. ते ओझं भावाच्या गळ्यात अडकवू नये.

मराठवाड्याच्या जमिनीला आणखी एक पदर आहे, हैदराबाद संस्थानाचा. इथल्या कित्येक जमिनी मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या), देवस्थान किंवा सेवेपोटी मिळालेल्या इनामी. इनामं रद्द करणारा हैदराबादचा कायदा १९५४ चा, कुळांचा १९५० चा, आणि हक्काच्या वादात आजही पहिल्यांदा मागतात ते १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे कोणतं रान कुणाकडं होतं त्याची नोंद. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२', म्हणजे अटींवर दिलेली जमीन, असेल तर वारसाचं नाव लागतं, पण परवानगीशिवाय विक्री होत नाही. देवस्थान इनाम असेल तर ती जमीन देवाची असते. पुजाऱ्याला ती मृत्युपत्रानं कुणाला देता येत नाही. हे माहीत नसल्यानं बापानं थोरल्याला 'देवळाजवळचं रान' दिलं आणि धाकट्याला 'नदीकडचं', आणि पुढं कळलं की देवळाजवळचं रान त्याला द्यायला त्याचं नव्हतंच, अशा वाटण्या होतात. थोरला रिकाम्या हातानं राहतो आणि धाकट्यावर डूख धरतो.

पिशवीत उर्दूत लिहिलेला एखादा जाड पिवळा कागद असतो. "आजोबांच्या काळचं काहीतरी" म्हणून तो बाजूला पडतो. तो फेकू नये. १९४८ च्या आधी इथला कारभार उर्दूत चालला, आणि त्या राजवटीत ती लिपी शाळेत शिकलेली गावातली माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. कुणीतरी तो कागद वाचून दाखवेल आणि त्याचा मराठी उतारा लिहून जोडता येईल, असे दिवस फार उरलेले नाहीत.

आणि विहीर. मला विचाराल तर अर्ध्याअधिक भाऊबंदकीचं मूळ विहिरीत असतं. सामाईक विहीर एकाच्या गटात, पाणी तिघांचं. पाळी ठरलेली, सोमवार-मंगळवार एकाचे, बुध-गुरू दुसऱ्याचे, किंवा आठ-आठ तास लाइट बघून. हे सगळं तोंडी. मोटारीचं कनेक्शन मेलेल्या चुलत्याच्या नावावर. पाइपलाइन कुणाच्या बांधाखालून गेली ते दोघांनाच ठाऊक, आणि त्यातले एक परवा गेले. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात विहिरीचा हिस्सा लिहिलेला नसेल तर नवा मालक, बहुतेक वेळा पुण्यात राहणारा पुतण्या, "माझ्या गटात विहीर आहे" एवढंच जाणतो. मोसंबीची बाग दोन उन्हाळे पाण्यावाचून राहिली की खटल्याचा निकाल कुठूनही लागो, बाग गेलेली असते. म्हणून विहिरीतला हिस्सा किती, पाळी कोणती, पाइपलाइन कुठून, गाडीवाट कुठून, हे साध्या कागदावर लिहून सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात. जमत असेल तर वाटणीपत्रातच घालून ते नोंदवावं. जमिनीच्या हेक्टर-आरपेक्षा हा मजकूर जास्त जपून लिहावा.

आता मृत्युपत्र. यात लोकांना वाटतं तेवढं अवघड काही नाही, आणि वाटतं तेवढं सोपंही नाही. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. लागतं ते एवढंच की लिहिणाऱ्यानं दोन साक्षीदारांदेखत सही किंवा अंगठा करावा आणि त्या दोघांनी त्याच्यादेखत सह्या कराव्यात. तरीही मी नोंदणी कराच म्हणेन. दुय्यम निबंधक कार्यालयात नाममात्र फी पडते, फोटो आणि बोटांचे ठसे होतात, आणि मूळ कागद उंदरानं खाल्ला तरी नक्कल मिळते. माणूस अंथरुणाला खिळला असेल तर अधिकारी घरी येऊन नोंदवू शकतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो.

चुका होतात त्या अशा. साक्षीदार म्हणून गावातले दोन जुने, मानाचे म्हातारे घेतात. मृत्युपत्रावर वाद झाला तर साक्षीदारांपैकी निदान एकानं न्यायालयात येऊन सांगावं लागतं, आणि तोवर दोघंही गेलेले असतात. साक्षीदार लिहिणाऱ्यापेक्षा वयानं बरेच लहान, निरोगी, गावातच राहणारे आणि ज्यांना काहीच मिळणार नाही असे हवेत. निरक्षर माणसाचा अंगठा असेल तर 'मजकूर वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे' ही ओळ हवी. आजारपणात केलेलं असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं पत्र हवं, की माणूस भानावर आहे. तारीख हवी, कारण शेवटचं मृत्युपत्र खरं. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, गावठाणातल्या घराचा नमुना नंबर आठ, शहरात प्लॉट असेल तर मालमत्ता पत्रक, सगळं जसंच्या तसं उतरवावं. 'वरचं रान', 'खालचं रान' एवढ्यानं भागत नाही. आणि शेवटी 'याशिवाय माझं जे काही निघेल ते अमुकला' ही ओळ, कारण काहीतरी निघतंच: कारखान्याचा शेअर, एखादी विसरलेली पावती.

वडिलोपार्जितमध्ये माणसाला स्वतःच्या हिस्स्यापुरतंच लिहून देता येतं, साऱ्या रानाचं नाही. मुस्लिम घरांत नियम वेगळे. कर्ज आणि दफनाचा खर्च वजा जाता उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते, आणि ती वारसापैकीच एकाला द्यायची असेल तर इतर वारसांची संमती लागते. बाकीचं ठरलेल्या वाट्यांनी जातं. बायकोचं मेहर द्यायचं राहिलं असेल तर ते कर्जच, ते आधी फिटतं.

हयातीतच मुलाच्या नावावर करून द्यावं का? घाईनं नको. बक्षीसपत्र एकदा झालं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. करायचंच असेल तर 'देणाऱ्याचा आणि त्याच्या पत्नीचा सांभाळ, जेवणखाण, औषधपाणी करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात असावेत. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्या अटीवर उभं आहे. सांभाळ झाला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं ते हस्तांतरण रद्द करण्याची मागणी करता येते. अट नसली की म्हातारा-म्हातारीला आधी तेच सिद्ध करत बसावं लागतं. मला विचाराल तर सर्वांत बरी वाट ही: जमीन स्वतःच्या नावावर ठेवावी, मृत्युपत्रात आधी बायकोला हयातीपर्यंत वहिवाटीचा आणि उत्पन्नाचा हक्क द्यावा, तिच्यानंतर मुलांना. चौदाव्या दिवशी त्या बाईच्या हातात काहीतरी असलं पाहिजे.

बँकेचं थोडक्यात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हाती पैसे देते, वारसांचा हक्क तसाच राहतो. नॉमिनीच नसेल तर मात्र साध्या रकमेलाही कागदांची रांग लागते, मोठ्या रकमेला दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र, त्याला वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि महिने. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकखात्याला चार नॉमिनी देता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. जुन्या खात्यांवर मेलेल्या आईचं नाव नॉमिनी म्हणून तसंच असतं, ते तपासावं. नवराबायकोचं एक खाते 'दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो' असं असावं, म्हणजे कार्याच्या खर्चासाठी मयताचं एटीएम कार्ड वापरायची वेळ येत नाही. ते कार्ड वापरणं नियमात बसत नाही आणि भाऊ-भाऊ त्याचाच हिशेब पुढं काढतात. फोनचा नंबर लगेच बंद पडू देऊ नये. सगळे ओटीपी त्यावर येतात. तो वारसाच्या नावावर करून घेईपर्यंत रिचार्ज चालू ठेवावा.

बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. मराठवाड्यात पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या बुडून किती म्हाताऱ्यांच्या औषधाचे पैसे अडकले हे वेगळं सांगायला नको. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांसाठीचा पैसा टक्का-दोन टक्के जास्त व्याजासाठी तिथं ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसले तर तिथं बोट ठेवावं. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर २ लाख, पण वयाच्या ५५ पर्यंतच. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख, ७० पर्यंत. पैसे वर्षानुवर्षं कापले जातात आणि घरात कुणाला माहीतही नसतं. खातेदार शेतकरी किंवा त्याच्या घरातला माणूस, १० ते ७५ वयाचा, अपघातानं गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून २ लाखांचं सानुग्रह अनुदान आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, ३० दिवसांत. साप चावणं, वीज पडणं, मोटारीचा शॉक, विहिरीत पडणं हे सगळं त्यात येतं. इथं होणारी चूक दरवर्षी होते. रानात पान लागलं, म्हणजे साप चावला, माणूस गेला, संध्याकाळच्या आत माती उरकली. पोलिसांत खबर नाही, पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही. दु:खात कुणाला सुचत नाही, आणि 'चिरफाड नको' ही भावनाही असते. पण त्या कागदांवाचून दावा उभा राहत नाही. हे घरातल्या निदान दोघांना आधीपासून माहीत असावं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजारही तहसीलमधून मिळतात.

कर्जाचं भय विधवेला फार दाखवलं जातं. मयताचं कर्ज त्यानं मागं ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच वारसांवर येतं. तिच्या स्वतःच्या कमाईवर किंवा स्त्रीधनावर येत नाही. सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर दिसतो, सोन्याच्या तारणाची पावती असते. दिसत नाहीत ते हातउसने, कृषिकेंद्राची उधारी, भिशी. दारात येऊन "मालकानं माझे साठ हजार घेतले होते" म्हणणाऱ्याला ती काय उत्तर देणार? म्हणून देणं-येणं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं हवं. लिहिलं नसेल तर तिनं कुणाला काही कबूल करू नये, आधी चिठ्ठी मागावी.

मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, राहत्या गावी नाही. हिंगोलीकडचा माणूस नांदेडच्या दवाखान्यात वारला तर नोंद नांदेड महापालिकेत. आपल्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नसतो. मुदत २१ दिवसांची. त्यानंतर विलंब शुल्क, महिना उलटला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. दवाखान्यातून निघताना नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पत्ता, आधार क्रमांक बरोबर लिहिलाय का ते तिथंच बघावं. त्या घटकेला ते बघण्याचं काम लेकाला देऊ नये, जावयाला किंवा शेजाऱ्याला सांगावं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्याव्यात.

दवाखान्याचाच विषय निघालाय तर सर्वांत जड गोष्ट बोलू. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून छत्रपती संभाजीनगरला किंवा लातूरला, अतिदक्षता विभाग, आणि रात्री दोनला बाहेर बसलेल्या लेकाला विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" तो नाही म्हणाला तर जन्मभर स्वतःला बोल लावतो. हो म्हणाला तर एखादं एकर जातं, आणि बाप नळ्यांत बांधलेला जातो. बापाला काय हवं होतं हे त्यानं कधी विचारलेलं नसतं. हा प्रश्न आधीच सोडवण्याची सोय आता आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. सज्ञान, भानावर असलेल्या माणसानं लिहावं की आपण बरं होण्याची आशा उरली नाही तर कृत्रिम उपायांनी जीव लांबवू नये. दोन साक्षीदारांची सही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही, आणि आपल्या वतीनं बोलणाऱ्या एकाहून अधिक विश्वासू माणसांची नावं. एक प्रत ग्रामपंचायत किंवा महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, एक घरच्या डॉक्टरकडं. वेळ आली की दवाखान्यातले तीन डॉक्टर आधी ठरवतात, मग दुसरं मंडळ तपासतं. हे दयामरणाचं इंजेक्शन नव्हे, हे मुद्दाम सांगावं लागतं. वेदना कमी करणं, तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं, जवळ बसणं हे थांबत नाही. इच्छापत्राचा कागद झाला नाही तरी चालेल, पण हे वाक्य बापानं लेकाला एकदा तोंडानं सांगितलेलं असू द्या. तेवढ्यानंही लेकाची ती रात्र हलकी होते.

नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पापण्या मिटून वर ओला कापूस, पंखा बंद, डोकं उशीवर थोडं उंच. मोतीबिंदू झालेला असला तरी चालतं. देहदान संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत होतं, पण शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. अर्ज भरलेला असला तरी त्या दिवशी घरच्यांची हो लागते, म्हणून थोरल्या लेकीला आणि भावाला आधी सांगून ठेवायचं.

अंत्यविधीबद्दलही दोन ओळी लिहाव्यात. लिंगायत घरात निक्षेप होणार, बौद्ध घरात जलदान विधी, कुठं अस्थी गंगाखेडला, कुठं पैठणला, हे रीतीनं होईलच. पण 'तेराव्याला गावजेवण घालू नये, त्यासाठी कर्ज काढू नये' हे लिहायचा अधिकार फक्त जाणाऱ्याला आहे. लेक म्हणाला तर कंजूस ठरतो, बायको म्हणाली तर तिच्यावर बोट. बापाच्या अक्षरातली ती एक ओळ भावकीपुढं ठेवता येते.

हे सगळं एका दोनशे पानी वहीत मावतं. डावीकडं गोष्ट, उजवीकडं कागद कुठं आहे. गट नंबर, खाती, विमे, देणं, येणं, विहिरीची पाळी, वकिलाचा आणि गटसचिवाचा नंबर. पिन लिहू नयेत, खातं आहे एवढं लिहावं. वही बायकोनं वाचलेली असावी, तिला वाचता येत नसेल तर लेकीनं तिला वाचून दाखवलेली. दर पाडव्याला तारीख टाकून एकदा नजर फिरवावी.

लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला सासुरवाशिणीही रानात येतात, कडब्याची कोप होते, पाच पांडव मांडतात, भज्जी आणि अंबिल होतं. जेवणं झाली की माणसं झाडाखाली लवंडतात. त्याआधी तासभर म्हाताऱ्यानं लेकांना, लेकींना, सुनेला आणि कारभारणीला घेऊन बांधानं एक चक्कर मारावी. हद्दीचा दगड इथं, पाइपलाइन या लिंबाखालून, धाकट्या काकाचं पाणी शुक्रवारी. वही सुनेच्या हातात असावी, आणि तिनं चालता चालता लिहून घ्यावं.